तालीला धडकून स्टर्नड्राइव्ह दुखावलंय, गिअर ऑइल दुधाळ आलंय. उघडायच्या आधी काय काय तपासू?

शिवसागर_१८फूट (बामणोली)

नमस्कार मंडळी. १८ फुटी फायबर बोट, मर्क्रुझरचं ३.० लिटर चार सिलिंडर पेट्रोल इंजिन, मागे अल्फा वन जेन २ ड्राइव्ह, म्हणजे इंजिनाची फिरकी पंख्याला देणारा बोटीबाहेरचा गिअरचा भाग. कोयनेचं पाणी उतरलं की बुडीत शेतांच्या दगडी ताली पाण्याच्या जेमतेम खाली राहतात, वरून दिसत नाहीत. तसल्याच एका तालीला साधारण १८०० आरपीएमला ड्राइव्ह धडकलं, पुढच्या गिअरमध्ये असताना. ड्राइव्ह वर उसळून परत खाली बसलं. तशीच हळूहळू धक्क्याला आणली, पाऊण तास लागला.

आत्ताची अवस्था अशी:
खालच्या पात्याचं, म्हणजे स्केगचं टोक दोन बोटं तुटलंय. अ‍ॅल्युमिनियमच्या पंख्याचं एक पान मुडपलंय. २५०० च्या वर गेलं की सगळी बोट थरथरते. स्टिअरिंग डावीकडे पूर्ण वळवलं की मागून घरघर येते, सरळ केलं की थांबते. इंजिनवरच्या गिअर ऑइलच्या बाटलीतली पातळी वर चढलीय आणि ऑइल जादा दुधाच्या चहासारखं दिसतंय. ट्रिम (ड्राइव्हचा कल) वर-खाली होतं, गिअर पडतात.

बोट आता ट्रेलरवर आहे. एक जण म्हणतो पंख्याच्या शाफ्टचं सील बदल आणि चालव. दुसरा म्हणतो सगळं ड्राइव्हच नवीन घे. कुठून सुरुवात करू? डायल गेज आहे, टॉर्क पाना आहे, पुलर मिळेल.

---

फिटर_मिरज

पहिली गोष्ट, इंजिन आता चालू करू नका. ट्रेलरवर पाण्याची नळी लावूनसुद्धा नको. पाणी मिसळलेल्या ऑइलात दातांवर थर टिकत नाही. आज जे गिअर वाचलेले असतील ते अशा दहा मिनिटांत जातात.

दुसरी गोष्ट, तुम्ही सांगितलेल्या तीन तक्रारी एकाच जागेच्या धरू नका. थरथर पंख्याची किंवा शाफ्टची. दुधाळ ऑइल कुठल्यातरी सीलचं. वळताना घरघर बहुतेक गिंबल बेअरिंगची (इंजिनकडून ड्राइव्हकडे जाणारा शाफ्ट पेलणारं बेअरिंग) किंवा युनिव्हर्सल जॉइंटची (त्या शाफ्टचा वळणारा सांधा), आणि ती धडकेच्या आधीपासून सुरू झालेली असू शकते. फक्त सील बदलून बोट पाण्यात सोडली तर वाकडा शाफ्ट नवं सीलही थोड्या तासांत खाऊन टाकतो. नवीन ड्राइव्ह घेतलं आणि गिंबल बेअरिंग तसंच ठेवलं तर घरघर कायम.

ऑइल असं काढा. ड्राइव्ह पूर्ण खाली, सरळ उभं करून रात्रभर राहू द्या. सकाळी वरच्या व्हेंट स्क्रूला हात न लावता खालचा स्क्रू फक्त पाव फेरा ढिला करा आणि खाली पारदर्शक बाटली धरा. वेगळं पाणी असेल तर ते जड असल्यामुळे आधी तेच येतं. किती आलं ते मोजा. मग वरचा स्क्रू काढून सगळं ऑइल ट्रेमध्ये घ्या. या ड्राइव्हमध्ये बाटलीसह सुमारे १.९ लिटर बसतं, त्याच्याशी ताडून बघा. ते ऑइल जमिनीवर किंवा काठावर ओतू नका. पहिल्या पावसाला ते धरणातच जाणार, आणि त्याच पाण्यावर खालची गावं आहेत.

खालच्या स्क्रूच्या टोकाला चुंबक असतो. त्यावरचा गाळ बोटांवर घेऊन चोळा. राखाडी, लोण्यासारखा मऊ लागला तर नेहमीची झीज. बोटाला टोचणारे खपले किंवा दाताचा तुकडा मिळाला तर गिअर गेलेत, आणि पुढचा हिशोबच बदलतो.

मग पंखा काढा. किल्ली काढून, गिअर न्यूट्रलमध्ये. न्यूट्रलला शाफ्ट हाताने मोकळा फिरतो. शाफ्टवर अडकवलेल्या थ्रस्ट हबच्या (पंख्याचा जोर झेलणाऱ्या कड्याच्या) मागे टॉर्च मारून बघा. तिथे जाळ्याचा नायलॉन दोरा गुंडाळलेला असतो आणि तो सीलच्या ओठात शिरून सील कापतो. आपल्याकडच्या जलाशयांत मासेमारीची जाळी इतकी आहेत की सील गळण्याचं कारण म्हणून मी धडकेच्या आधी दोरा शोधतो.

डायल गेजचा मॅग्नेट अ‍ॅल्युमिनियमला धरणार नाही. अँटीव्हेंटिलेशन प्लेटला (पंख्याच्या वरच्या आडव्या पानाला) एक लोखंडी पट्टी सी-क्लॅम्पने आवळा आणि गेज तिच्यावर उभा करा. टोक शाफ्टच्या गुळगुळीत भागावर ठेवा, स्प्लाइनवर (खाचांवर) नाही. एक पूर्ण फेरा फिरवून काट्याचा एकूण फरक लिहा. ०.१५ मिमीच्या वर असेल तर शाफ्ट बाद. शाफ्ट एका बाजूला किंचित दाबून धरून फिरवा, नाहीतर बेअरिंगचा प्ले त्यात मिसळून येईल.

हे आकडे इथे टाका. तोवर काही खोलू नका.

---

गिअरवाला_कराड

मिरजच्या भाऊंनी बरोबर सांगितलंय. त्यात दाबाची चाचणी जोडतो. उघडायच्या आधी ती केली नाही तर पाणी कुठून आलं हे नंतर कधीच कळत नाही.

बाटलीकडून येणारी नळी वेगळी करून ती वाट बंद करा, नाहीतर हवा बाटलीतून निघून जाईल आणि उगाच गळती दिसेल. व्हेंटच्या भोकात अ‍ॅडॉप्टर बसवून गेजवाल्या हातपंपाने हवा भरा. गॅरेजचा कॉम्प्रेसर लावू नका, क्षणात दाब चढून चांगलं सीलही बाहेर येतं. आधी फक्त ३ ते ५ पीएसआय ठेवून शाफ्ट फिरवा, गिअर बदलून बघा. काही गळत्या कमी दाबालाच दिसतात, जास्त दाबाला सीलचा ओठ शाफ्टला घट्ट चिकटून त्या झाकल्या जातात. मग १० ते १२ पीएसआयला नेऊन १५ मिनिटं सोडा. काटा हलायला नको. हलला तर पंख्याचा शाफ्ट, वरच्या-खालच्या भागाचा सांधा, गिअर शिफ्टचा शाफ्ट, वरचं झाकण, दोन्ही स्क्रूचे वॉशर या सगळीकडे साबणाचं पाणी मारा.

त्यानंतर उलट चाचणी, म्हणजे व्हॅक्यूम. लोक ही टाळतात, आणि नेमकी गळती तिथेच असते. पंख्याच्या शाफ्टला दोन सीलं पाठीला पाठ लावून बसवलेली असतात. आतलं ऑइल आत ठेवतं, बाहेरचं पाणी बाहेर ठेवतं. हवेचा दाब आतल्या सीलची परीक्षा घेतो, बाहेरच्याची नाही. पाणी शिरतं कधी? तापलेलं ड्राइव्ह थंड पाण्यात उभं राहतं, आतली हवा आकसते आणि ते बाहेरून ओढायला लागतं तेव्हा. व्हॅक्यूमने तेच घडवून बघायचं. गेजवर पाऱ्याचे ५ ते १० इंच पुरे.

---

शिवसागर_१८फूट (बामणोली)

दोघांचेही आभार. सगळं सांगितलं तसं केलं.

आधी स्वच्छ पाणी आलं, साधारण १५० मिली. पाठोपाठ दुधाळ ऑइल. चुंबकावर मऊ गाळ, खपले नाहीत. थ्रस्ट हबच्या मागे नायलॉनचा दोरा होता, पाच-सहा वेढे, पण सैल. शाफ्टचा फरक ०.४० मिमी आला, तीनदा मोजला. १० पीएसआयला काटा चार मिनिटांत ६ वर आला, बुडबुडे फक्त पंख्याच्या शाफ्टपाशी. बाकी सगळीकडे कोरडं. व्हॅक्यूमही धरत नाही.

शाफ्ट इथल्या एका लेथवाल्याला दाखवला तर तो म्हणाला प्रेसवर सरळ करून देतो. करू का?

---

फिटर_मिरज

करू नका.

हा शाफ्ट स्टेनलेसचा आहे आणि त्याच्या पोटात क्लचची यंत्रणा बसते. प्रेसवर तो सरळ होतो, डायलला बराही दिसतो, पण वाकलेल्या जागी धातू एकदा ताणला गेलाय आणि उलटा एकदा दाबला गेलाय. भेग तिथूनच सुरू होते. शिवाय सील जिथे घासतं ती जागा आणि बेअरिंगची जागा एकमेकींशी एका रेषेत राहिली का, हे दोन व्ही-ब्लॉकवर ठेवल्याशिवाय कळत नाही. बोट वासोट्याच्या बाजूला प्रवासी घेऊन जाते. तिकडे मध्यावर शाफ्ट तुटला तर वल्ह्याने कुणी परत येत नाही. नवीन शाफ्टच घ्या.

मागवताना ड्राइव्हवरच्या स्टिकरचा सिरियल नंबर द्या, नुसतं 'अल्फा' म्हणू नका. जेन १ आणि जेन २ चे खालचे भाग वेगळे आहेत. त्याच स्टिकरवर गिअर रेशो असतो. ३.० लिटरला बहुतेक १.९४, व्ही-८ ला १.४७. कोणी तुम्हाला जुनं आख्खं ड्राइव्ह विकायला आलं तर आधी हा आकडा बघा. १.४७ चं ड्राइव्ह तुमच्या इंजिनला लावलं तर इंजिन दमून जाईल, बोट पाण्यावर उठणारच नाही.

खपले नाहीत ही मोठी गोष्ट. म्हणजे गिअर आणि बेअरिंग तीच ठेवता येतील, पण डोळ्यांनी खात्री करून. बेअरिंग कॅरिअर (पंख्याच्या शाफ्टचं बेअरिंग आणि सीलं धरणारा भाग) पुलरने बाहेर काढल्यावर पुढच्या, मागच्या गिअरचे आणि पिनियनचे (उभ्या शाफ्टवरच्या छोट्या गिअरचे) दात एकेक करून बघा. धडकेचा झटका पंख्यावरून सरळ पिनियनवर येतो, त्यामुळे दाताच्या कडेला चंद्रकोरीसारखा टवका निघतो. क्लच डॉगचे (गिअरला अडकणाऱ्या दातेरी कड्याचे) कोपरे गोल झालेत का तेही बघा, तसे असले तर गिअर नंतर भाराखाली सुटायला लागतो. बेअरिंग पेट्रोलने धुऊन, वाळवून बोटाने फिरवा. पाण्याचे काळे डाग रोलरवर दिसले तर बेअरिंग बदला.

इथे एक मर्यादा सांगतो. शाफ्ट, सीलं, ओ-रिंग एवढंच बदललं तर आतल्या शिम (अंतर जुळवणाऱ्या पातळ चकत्या) जशाच्या तशा परत बसतात. कुठली शिम कुठून निघाली त्याची चिठ्ठी बांधून ठेवा. पण गिअर किंवा टेपर बेअरिंग बदललं की पिनियनची उंची आणि बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) नव्याने मोजून शिम घालावी लागते. त्यासाठी या ड्राइव्हचा खास गेज लागतो. तो नसेल तर ते काम ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच द्या. 'हाताला ठीक वाटतंय' म्हणून बसवलेला गिअर संच एका सीझनमध्ये ओरडायला लागतो.

सीलं बसवताना: कॅरिअरची बोअर एसिटोनने पुसा, सीलच्या बाहेरच्या कडेला लॉकटाइट २७१ चा पातळ थर, आतलं सील ओठ गिअरकडे करून, बाहेरचं ओठ पंख्याकडे करून. दोन्ही ओठांच्या मधे मरीन ग्रीस भरा, कोरडं ठेवलं तर पहिल्याच फेऱ्यात ओठ जळतो. कॅरिअरची मोठी ओ-रिंगही नवीनच.

---

आर्गन_कुपवाड

स्केगबद्दल सांगतो, कारण आपल्या भागात हे काम उत्तम होतं. कुपवाड, शिरोली, सातारा एमआयडीसी, कुठेही अ‍ॅल्युमिनियम कास्टिंगला आर्गन मारणारे हात मिळतात. पण वेल्डरला ड्राइव्हची माहिती नसते, म्हणून ही काळजी तुम्ही घ्यायची.

ड्राइव्ह बोटीवर असताना वेल्डिंग अजिबात नको. खालचा भाग पूर्ण मोकळा करून, शाफ्ट, सीलं, बेअरिंग बाहेर काढूनच द्या. उष्णतेने सील जातं हे सगळ्यांना माहीत असतं. अर्थिंगचं लक्षात येत नाही. अर्थ क्लॅम्प लांब लावला आणि करंट बेअरिंगमधून गेला, तर रोलरवर सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात. दिसत नाहीत, पण महिन्याभरात आवाज सुरू होतो. क्लॅम्प स्केगलाच, वेल्डच्या चार बोटं वर.

वेल्डच्या आधी डाय पेनिट्रंट (भेगेत शिरून ती दाखवणारा रंग) मारून घ्या, फाउंड्रीवाल्यांकडे तीन डब्यांचा संच असतो. तुटलेल्या टोकापेक्षा स्केगच्या मुळाशी, टॉर्पीडोला (गिअरच्या गोळीसारख्या डब्याला) जिथे तो मिळतो तिथे, लाल रेघ येते का ते बघायचं. रेघ टॉर्पीडोत शिरलेली असेल तर ती ऑइलच्या कप्प्याची भिंत आहे. अशी केसिंग मी भरून देत नाही. ती बदलायची.

भेग नसेल तर काम सोपं. रंग काढून, एसिटोनने पुसून, स्टेनलेसच्या वेगळ्या ब्रशने घासून घ्या. लोखंडावर वापरलेला ब्रश नको. कास्टिंग पाण्यात राहिलंय, छिद्रांत ओल आणि ऑइल असतं, म्हणून १०० ते १२० अंशांपर्यंत हळू तापवून घ्या, नाहीतर वेल्डमध्ये फुगे येतात. एसी टिग, ४०४३ ची रॉड. आकारासाठी तशाच दुसऱ्या ड्राइव्हचा पुठ्ठ्यावर साचा काढा. वेल्ड झाल्यावर घासताना कड धारदार करू नका, जाडी मूळचीच ठेवा. नंतर अ‍ॅल्युमिनियमला चालणारा एपॉक्सी प्रायमर, त्यावर रंग. तांब्याचा अंश असलेला अँटीफाउलिंग रंग ड्राइव्हला कधीही लावू नका, तो अ‍ॅल्युमिनियम कुरतडतो.

पंख्याचं पान फक्त टोकाला मुडपलं असेल तर सरळ करून बॅलन्स करता येतं. मुळापाशी मुडपलं असेल तर भंगारात द्या. तिथली भेग रंगाखाली दिसत नाही.

---

गिअरवाला_कराड

सगळे खालच्या भागावर बोलतायत, पण डावीकडे वळताना येणारी घरघर अजून तशीच आहे. ड्राइव्ह काढणार आहातच, तर ती आताच संपवा.

काढताना: गिअर पुढच्यात टाका (अल्फाला पुढचा, ब्राव्होला न्यूट्रल). स्टिअरिंग सरळ. ट्रिमच्या दोन्ही रॅमच्या मागच्या पिना काढा, ड्राइव्हला खालून आधार द्या, मग सहा नट. सरळ मागे ओढा, वाकडं करून हिसडू नका.

पहिलं बघायचं ते भात्यात, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंटच्या रबरी बेलोजमध्ये. आत पाणी किंवा तांबूस गंजाची पूड असेल तर कारण सापडलं. बेलोजची घडी बोटाने उलगडून टॉर्चने बघा. चीर घडीच्या तळाशी असते, बाहेरून रबर चांगलं दिसतं. ड्राइव्ह वर उचलून ठेवायची सवय असेल तर रबराला तीच घडी पडून राहते आणि तिथेच ते फाटतं. बोट उभी करताना ड्राइव्ह खाली सोडलेलं असावं.

गिंबल बेअरिंगमध्ये बोट घालून फिरवा. लोण्यासारखं फिरलं तर चांगलं. मधेच वाळू लागल्यासारखं खरखरलं, तर बदला. युनिव्हर्सल जॉइंटचे क्रॉस दोन्ही दिशांना हलवा. एका जागी अडकून टक्कन पुढे गेले तर सुई-बेअरिंगने खाच पाडली आहे. जॉइंट वाकलेल्या कोनात चालला की ही खाच आवाज करते, म्हणून सरळ असताना ड्राइव्ह गप्प आणि वळताना घरघर.

बेअरिंग स्लाइड हॅमरने निघतं. नवं बसवताना ग्रीसचं भोक हाउसिंगच्या भोकाशी जुळवा. त्यानंतर अलाइनमेंट बार घालायचाच. बार गिंबल बेअरिंगमधून इंजिनच्या कपलरच्या स्प्लाइनमध्ये दोन बोटांनी ढकलून गेला पाहिजे. ठोकून घालायचा नाही. जात नसेल तर इंजिनचे पुढचे माउंट वर-खाली करून जुळवा. धडकेने इंजिन सरकलेलं असू शकतं, आणि वाकड्या रेषेत चालवलं तर कपलरच्या आतले दात घासून साफ होतात. मग इंजिन बाहेर काढावं लागतं. बारच्या टोकाला ग्रीस लावून घाला, काढल्यावर स्प्लाइनच्या खुणा चारही बाजूंना सारख्या उमटल्या की झालं.

तसंच ट्रिम रॅम. पुढे जाताना काही आडवं आलं की ड्राइव्ह उसळू देणारे झडप त्यातच असतात, त्यांनी तुमचं बाकी ड्राइव्ह वाचवलं. रिव्हर्समध्ये ते संरक्षण मिळत नाही, म्हणून उथळ जागी मागे घेताना फार जपा. रॅमचा दांडा वाकलाय का, सीलपाशी ऑइल येतंय का बघा. आणि ट्रान्समवर (बोटीच्या मागच्या भिंतीवर), ड्राइव्हच्या चौकटीभोवती, प्लास्टिकच्या हातोडीने टकटक करा. टणक आवाजाच्या जागी बद्द आवाज आला तर आतल्या लाकडात पाणी मुरलंय.

---

फिटर_मिरज

जोडणीचे आकडे एकत्र देतो म्हणजे शोधावे लागणार नाहीत.

खालचा भाग वेगळा करायच्या आधी ट्रिम टॅबची जागा पेन्सिलने खुणा करून ठेवा, त्याच्या खोबणीत एक फास्टनर लपलेला असतो. तो राहिला आणि पहार लावली तर केसिंग फुटते. तेवढ्यात पाण्याच्या पंपाचा इम्पेलरही बदलून टाका. शाफ्ट वरून बघताना घड्याळाच्या दिशेने फिरवत तो आत सरकवा. पंपाच्या डब्यात गाळाने ओरखडे पडले असतील तर डबाही.

ड्राइव्ह चढवताना नवी गॅस्केट, युनिव्हर्सल जॉइंटच्या शाफ्टवरच्या ओ-रिंगना ग्रीस, स्प्लाइनना कपलरचं ग्रीस. स्प्लाइन सापडत नसेल तर पंख्याचा शाफ्ट उलटा, घड्याळाच्या विरुद्ध फिरवत ढकला. सहा नट आडवे-तिडवे, ६८ न्यूटन मीटर. बसवल्यावर दाब आणि व्हॅक्यूम दोन्ही पुन्हा. दोन्ही धरले तरच ऑइल भरायचं. मरीन गिअर ऑइलच घ्या, गाडीच्या डिफरन्शिअलचं नको, ते ओलीत गंज थांबवत नाही. खालच्या भोकातून पंपाने भरा. वरून बुडबुडे न येता ऑइल आलं की आधी वरचा स्क्रू बंद, मग खालचा. वॉशर नवीन.

पंखा: स्प्लाइनला ग्रीस, थ्रस्ट हबचा उतार शाफ्टच्या उताराकडे, नट ७५ न्यूटन मीटर, टॅब वळवून लॉक.

पंख्याच्या रबरी हबवर शंका असेल तर हबपासून बाहेरच्या नळीपर्यंत पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढा. फेरी मारून आल्यावर रेघेचे दोन तुकडे सरकलेले दिसले तर हब घसरतोय. आरपीएम चढतो, बोट मात्र पुढे जात नाही, आणि लोक गिअरबॉक्स उघडून बसतात.

पहिली चाचणी: पाण्यात १० मिनिटं न्यूट्रल ते १५०० आरपीएम, मग बाटलीचा रंग बघा. मग पूर्ण थ्रॉटलला आरपीएम मोजा. तुमच्या इंजिनला ४४०० ते ४८०० च्या मधे यायला हवेत. कमी आले तर एक इंच कमी पिचचा (एका फेऱ्यात पंखा जेवढा पुढे सरकेल ते अंतर) पंखा, जास्त आले तर एक इंच जास्तीचा. एका इंचाला साधारण १५० ते २०० आरपीएमचा फरक पडतो.

आणि अ‍ॅनोड बघा. ते ड्राइव्हऐवजी स्वतः झिजणारे धातूचे तुकडे. बोट कोकणातून आणलेली असेल तर झिंकचे असतील. गोड्या पाण्यात झिंकवर पांढरा थर बसून ते निकामी होतं आणि झीज ड्राइव्हच्या वाट्याला जाते. कोयनेला अ‍ॅल्युमिनियमचे किंवा मॅग्नेशियमचे लावा.

---

शिवसागर_१८फूट (बामणोली)

ड्राइव्ह काढलं. बेलोजच्या तिसऱ्या घडीत बोटभर चीर आहे, आत गंजाची पूड. गिंबल बेअरिंग खरखरतंय, एक क्रॉस अडकतोय. म्हणजे घरघर जुनीच. गिअरचे दात स्वच्छ आहेत, क्लच डॉगचे कोपरे धारदार. स्केगला पेनिट्रंट मारला, मुळाशी रेघ नाही.

शाफ्ट, कॅरिअरचं सील किट, इम्पेलर किट, बेलोज, गिंबल बेअरिंग, दोन क्रॉस, एवढं सिरियल नंबरवरून मागवलंय. केसिंग मोकळी करून वेल्डिंगला कुपवाडला पाठवतोय. आर्गनवाले दादा, स्केगचा साचा माझ्याकडे नाही. कुणाकडे जेन २ चं चांगलं ड्राइव्ह असेल तर त्याचा पुठ्ठ्यावरचा आकार काढून पट्टी शेजारी ठेवून फोटो टाकाल का?

---

आर्गन_कुपवाड

साचा माझ्याकडे आहे, फोटोची गरज नाही. केसिंगसोबत तुटलेलं टोक सापडलं असेल तर तेही पाठवा, जाडी त्यावरून घेतो. शिफ्ट शाफ्टचं बुश काढून ठेवायला विसरू नका, प्लास्टिकचं असतं.